ग्रामपंचायतीचं ऑडिट झालं. पण त्या शेऱ्यांचं पुढं काय झालं?

ग्रामसभेत घरकुलाची यादी, गावठाणातलं अतिक्रमण आणि नळाला पाणी कधी येणार, या तीन विषयांत दोन तास निघून जातात. मग कुणीतरी आवाज चढवतो, कुणी उठून जातो आणि प्रोसिडिंगवर सह्या होतात. या सगळ्यात एक कागद मात्र बहुतेक गावांत वाचलाच जात नाही. तो म्हणजे ग्रामपंचायतीची लेखापरीक्षण टिप्पणी, साध्या भाषेत ऑडिटचा रिपोर्ट.

हा कागद गुप्त नाही. उलट महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ८ सांगतं, की आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागच्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल, पुढच्या कामांचा आराखडा आणि त्याचबरोबर शेवटची लेखापरीक्षण टिप्पणी व त्यावर पंचायतीनं दिलेली उत्तरं ठेवली पाहिजेत. हा १९५८ चा कायदा. म्हणजे आपल्या आज्या-पणज्याच्या काळापासून हा हक्क आपल्याकडं आहे. वापरणारे मात्र बोटावर मोजण्याइतके.

मी शेती करतो आणि फावल्या वेळात बातम्या देतो. पंचायत समितीच्या आवारात कायम येणं-जाणं असतं. तिथं ऑडिट या शब्दाचे दोनच अर्थ ऐकू येतात. कर्मचाऱ्याला विचारलं तर ‘कटकट’ आणि विरोधी पॅनेलच्या माणसाला विचारलं तर ‘भ्रष्टाचार सापडला’. दोन्ही अर्थ अर्धवट आहेत. म्हणून आज हा विषय जरा नीट समजून घेऊ.

ऑडिट करतं कोण, बघतं काय

ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद यांचे हिशेब तपासणारं राज्य सरकारचं एक वेगळं खातं आहे, स्थानिक निधी लेखापरीक्षा. ते ग्रामविकास खात्याच्या हाताखाली नाही, वित्त विभागाच्या अखत्यारीत आहे. खर्च करणारा आणि तपासणारा एकाच घरातला नसावा, एवढाच त्यामागचा विचार. या खात्याचा मूळ कायदा १९३० चा, म्हणजे इंग्रजांच्या राजवटीतला.

त्याच्या वर आहे कॅग, भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक. ते राज्यघटनेनं निर्माण केलेलं पद आहे. राज्याच्या कारभारावरचे कॅगचे अहवाल राज्यपालांकडे जातात आणि तिथून विधिमंडळात मांडले जातात. मराठवाडा आणि विदर्भाचं काम नागपूरचं महालेखापाल कार्यालय बघतं. कॅगची तपासणी तीन प्रकारची असते. एक, हिशेब बरोबर मांडलेत का. दोन, योजना म्हणून तिचा उपयोग झाला का. आणि तीन, कायदा, नियम, शासन निर्णय यांप्रमाणं काम झालं का. या तिसऱ्या प्रकाराला अनुपालन लेखापरीक्षा म्हणतात. आपल्या गावाच्या ऑडिटमध्ये जास्त करून हेच बघितलं जातं.

यात एक बारकावा आहे. अनुपालन म्हणजे नुसती नियमाची खूण करणं नाही. औचित्यही बघायचं असतं. समजा गावात पथदिव्यांचे खांब चाळीस आहेत आणि दिवे घेतले शंभर. दरपत्रकं तीन आहेत, ठराव आहे, बिल आहे, धनादेश बरोबर आहे. कागदावर एकही चूक नाही. पण उरलेले साठ दिवे कशासाठी घेतले, हा प्रश्न ऑडिटर विचारू शकतो आणि विचारलाही पाहिजे. लोकांच्या पैशाला घरच्या पैशासारखं जपलं का, हे त्यात येतं.

ग्रामपंचायतीनं हिशेब कसा ठेवायचा हे २०११ च्या लेखा संहितेत ठरवून दिलंय. एक ते तेहतीस असे नमुने आहेत. नमुना ५ म्हणजे सामान्य रोकडवही. घरपट्टीची आकारणी नमुना ८ ला, म्हणून तर आपण घराच्या उताऱ्याला ‘आठचा उतारा’ म्हणतो. पट्टी भरल्याची पावती नमुना १०. खुर्च्या-टेबलं, मोटारी अशा जड वस्तू नमुना १६ ला. शेवटचा नमुना ३३ तर झाडांचा आहे. आणि आपल्या आजच्या विषयाचा नमुना आहे ३०, लेखापरीक्षण आक्षेप पूर्तता नोंदवही. कोणत्या वर्षी कोणता आक्षेप निघाला, त्याचं उत्तर कधी गेलं, तो मिटला की नाही, हे तिथं लिहिलेलं असायला पाहिजे. गावाच्या कारभाराची तब्येत बघायची असेल तर मी आधी हीच वही मागेन.

आक्षेप म्हणजे चोरी नव्हे

हे स्पष्ट सांगितलं पाहिजे, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्टचं एक पान फिरलं की लगेच ‘लाखोंचा घोटाळा’ असं सुरू होतं. रिपोर्टमध्ये दोन शब्द नीट बघा. ‘आक्षेपाधीन रक्कम’ म्हणजे ज्या खर्चाला पुरावा अपुरा आहे किंवा पद्धत चुकली आहे तो खर्च. प्रमाणक सापडलं नाही, मोजमाप पुस्तिका दाखवली नाही, कामाचा फोटो जोडला नाही. ते कागद नंतर दाखवले तर आक्षेप निघूही शकतो. ‘वसूलपात्र रक्कम’ म्हणजे मात्र कुणाकडून तरी पैसे परत घ्यायला पाहिजेत अशी रक्कम. ठेकेदाराच्या बिलातून कामगार उपकर कापला नाही, एकाच कामाचं बिल दोनदा निघालं, मोजमापापेक्षा जास्त पैसे गेले, वगैरे. आणि पैसे सरळ खिशात गेले असतील तर त्याला अपहार म्हणतात. तो वेगळाच प्रकार, तिथं पोलिसात गुन्हा दाखल होतो.

तिन्ही एकाच मापानं मोजले की दोन तोटे होतात. साधी नोंद चुकलेला ग्रामसेवक चोर ठरतो आणि खरा चोर ‘ऑडिटला काय, सगळ्यांचंच निघतं’ म्हणून सुटतो. दुसरा तोटा मला जास्त मोठा वाटतो.

आपल्या भागातल्या टिप्पण्यांमध्ये पुन्हा पुन्हा दिसणारे आक्षेप ठरलेले आहेत. पट्टीची वसुली वेळेत बँकेत भरली नाही, हातशिल्लक जास्त ठेवली. साहित्य घेतलं पण साठा नोंदवहीला चढवलं नाही. निविदेची मर्यादा चुकवायला एकाच रस्त्याच्या कामाचे तुकडे पाडले. मागासवर्गीयांसाठीचे १५ टक्के, महिला व बालकल्याणाचे १० टक्के आणि दिव्यांगांचे ५ टक्के खर्चच केले नाहीत. हा शेवटचा आक्षेप कागदावर किरकोळ वाटतो. पण गावात ज्याला दोन्ही पायांनी चालता येत नाही त्याला त्या पाच टक्क्यांतून काहीतरी मिळायला पाहिजे होतं आणि तीन वर्षं ते मिळालं नाही, असा त्या ओळीचा अर्थ असतो. ऑडिटरच्या भाषेत ‘तरतुदीप्रमाणे खर्च केलेला नाही’. चार शब्दांत एका माणसाची तीन वर्षं गेली.

‘यापुढे दक्षता घेण्यात येईल’

आक्षेप निघाल्यावर पंचायतीनं पूर्तता करायची असते, म्हणजे चूक सुधारायची आणि तसं कळवायचं. त्याचं मासिक विवरण नमुना २७ मध्ये द्यायचं. प्रत्यक्षात काय होतं? उत्तर जातं, ‘आक्षेपाची नोंद घेतली असून यापुढे दक्षता घेण्यात येईल.’ बस्स. दुसऱ्या वर्षी तोच आक्षेप, तेच उत्तर. तिसऱ्या वर्षी ग्रामसेवक बदलून जातो (या पदाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात). नवीन आलेला म्हणतो, माझ्या काळातलं नाही. सरपंचाची मुदत संपते. आक्षेप मात्र जिवंत राहतो, फक्त त्याला मालक राहत नाही.

जिल्हा पातळीवर या जुन्या आक्षेपांना जाग येते ती पंचायत राज समितीच्या दौऱ्यात, म्हणजे आपल्या भाषेत पीआरसी. विधिमंडळातल्या आमदारांची ही समिती असते. स्थानिक निधी लेखापरीक्षेच्या अहवालातले परिच्छेद समोर ठेवून ती अधिकाऱ्यांना विचारते, याचं काय झालं? दौरा लागला की झेडपीत रात्री अकरापर्यंत दिवे चालू, शाळेच्या भिंतींना रंग, आरोग्य केंद्रात नव्या चादरी. हे दृश्य आपण सगळ्यांनी बघितलंय. माझं म्हणणं एवढंच आहे, की जी पूर्तता दौऱ्याच्या आधीच्या पंधरा दिवसांत होऊ शकते ती मागची पाच वर्षं का झाली नाही? म्हणजे अडचण कागदाची नव्हती, विचारणारा नव्हता.

राज्य सरकारच्या खात्यांसाठी हेच काम लोकलेखा समिती करते. कॅगचा अहवाल विधिमंडळात आला की तो तिच्याकडे जातो, सचिवांना बोलावून विचारणा होते.

एका गावाची चूक आणि पन्नास गावांची चूक

आता मूळ मुद्दा. ऑडिटचा खरा उपयोग एकट्या गावाला पकडण्यात नाही.

समजा तालुक्यात ऐंशी ग्रामपंचायती आहेत. त्यातल्या एकीत वसुलीची रोकड वेळेत बँकेत भरलेली नाही. तर तिथल्या माणसाला विचारा. पण पन्नास गावांत तोच आक्षेप असेल तर पन्नास माणसं एकदम बेइमान झाली असं समजायचं का? तसं नसतं. बँकेची शाखा वीस किलोमीटरवर, एका ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावं, शिपाई रोज तालुक्याला जाऊ शकत नाही. हा आक्षेप माणसावर नाही, पद्धतीवर आहे. पन्नास नोटिसा काढून पन्नास ‘दक्षता घेण्यात येईल’ गोळा करण्यापेक्षा पद्धत बदलली पाहिजे. आता बऱ्याच ग्रामपंचायतींच्या भिंतीवर क्यूआर कोड चिकटवलेला दिसतो. घरपट्टी मोबाइलवरून सरळ पंचायतीच्या खात्यात जाते. रोकड हातात येतच नाही, त्यामुळं हातशिल्लक ठेवल्याचा आक्षेपही निघत नाही. दहा वर्षांच्या नोटिसांनी जे झालं नाही ते एका कागदाच्या चौकोनानं होतंय.

मोजमाप पुस्तिकेचंही तसंच. अनेक गावांत ‘मोजमाप नोंदवलं नाही’ असा शेरा येतो. चौकशी केली तर कळतं, अभियंता एक आणि कामं दीडशे. तीही सगळी मार्च महिन्यात, कारण निधी फेब्रुवारीत आला. मग तो शेरा गावाच्या नावावर लिहून उपयोग काय? तो झेडपीच्या बांधकाम विभागाच्या आणि निधी उशिरा सोडणाऱ्या मंत्रालयाच्या नावावर पाहिजे. तालुक्याचे सगळे आक्षेप एका तक्त्यात मांडले, तर कुठं माणूस चुकलाय आणि कुठं व्यवस्था, हे अर्ध्या तासात दिसेल. सगळ्या सरकारचा कारभार सुधारायला ऑडिट वापरायचं असेल तर हा तक्ता पाहिजे. गठ्ठे बांधून रेकॉर्ड रूममध्ये टाकल्यानं ते होत नाही.

व्यवस्था बदलल्यावर नवीन पळवाटा निघतात, हेही खरं. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा आता धनादेशानं जात नाही. ई-ग्रामस्वराजवरून सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या डिजिटल सहीनं जातो. चांगली पद्धत. पण काही गावांत सरपंचबाईंचं डोंगल त्यांच्याकडं नसतंच, ते ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये किंवा त्यांच्या घरातल्या पुरुषमाणसाच्या खिशात असतं. संगणकाला सही दिसते, हात दिसत नाही. हे तपासायला प्रत्यक्ष गावात येणारा ऑडिटरच लागतो.

जलयुक्त शिवारचं उदाहरण

मोठ्या पातळीवर काय होतं ते बघायचं तर जलयुक्त शिवार घ्या. डिसेंबर २०१४ ला अभियान सुरू झालं. नाला खोलीकरण, बांध, शेततळी, सगळ्यांनी बघितलंय. सप्टेंबर २०२० मध्ये कॅगचा अहवाल विधिमंडळात आला. ९,६३३.७५ कोटी रुपये खर्च झाले, पण गाव पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण करणं आणि भूजल पातळी वाढवणं या उद्दिष्टांवर परिणाम फारसा दिसला नाही, असं त्यात म्हटलं होतं. झालेल्या कामांच्या देखभाल-दुरुस्तीकडे दुर्लक्ष झाल्याचाही मुद्दा होता. (ही तपासणी अनुपालनाची नाही, योजनेच्या उपयोगाची होती, पण पुढचा प्रवास सारखाच.)

त्यानंतर राजकारण पेटलं ते पेटलंच. तेव्हाच्या सरकारनं निवृत्त वरिष्ठ अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. आधीच्या सरकारच्या लोकांनी अभियानाची बाजू मांडली. सरकार बदललं आणि जानेवारी २०२३ च्या शासन निर्णयानं जलयुक्त शिवार २.० सुरू झालं. कोण खरं, कोण खोटं यावर पारावर दोन वर्षं भांडणं झाली. माझ्या शेताशेजारच्या नाल्यावरही त्या काळात काम झालं. पहिली दोन वर्षं विहिरीला पाणी वाढलं, हे मी नाकारत नाही. नंतर गाळ भरला आणि तो काढायचा कुणी, हे कुणालाच माहीत नव्हतं. कॅगच्या अहवालातला देखभालीचा मुद्दा वाचला तेव्हा मला तो नाला दिसला. दुसऱ्या टप्प्यात झालेल्या कामांची देखभाल-दुरुस्ती हा विषय घेतलेला आहे. तो कॅगमुळंच आला असा दावा मी करणार नाही. पण शेरा लिहिला गेला, चर्चेला आला आणि पुढच्या योजनेच्या कागदावर त्याची जागा झाली, असा प्रवास व्हायला पाहिजे. आपण मात्र त्या अहवालातून फक्त कुणाला शिव्या द्यायच्या तेवढं घेतलं.

ऑडिट नाही तर पैसा नाही

आता खिशाचा प्रश्न. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २६ या पाच वर्षांसाठी अट घातली, की ज्या ग्रामपंचायतींचे मागच्या वर्षाचे तात्पुरते हिशेब आणि त्याच्या आधीच्या वर्षाचे ऑडिट झालेले हिशेब ऑनलाइन, सगळ्यांना बघता येतील असे असतील, त्यांच्यासाठीच अनुदान मिळेल. पहिल्या काही वर्षांत सूट होती, राज्यातल्या निदान २५ टक्के संस्थांचे हिशेब असले तरी चालत होतं. २०२३-२४ पासून ती सूट संपली. म्हणजे ऑडिट लटकलं की त्याची झळ गावालाच. या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला आहे. राज्याला आलेल्या पैशातले ८० टक्के ग्रामपंचायतीला आणि १०-१० टक्के पंचायत समिती व झेडपीला, अशी आपल्याकडची वाटणी. नळाला पाणी का नाही या प्रश्नाचं एक टोक ऑडिटच्या फाइलीत असू शकतं, ते असं.

रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यानं तर कलम १७ मध्ये तपासणीचा अधिकार थेट ग्रामसभेला दिला. त्याला सामाजिक अंकेक्षण म्हणतात. कामावर खरंच कोण होतं, मजुरी कुणाच्या खात्यात गेली, हे मजुरांनाच घरोघर विचारायचं आणि ग्रामसभेत वाचून दाखवायचं. त्यासाठी राज्यात वेगळी सोसायटी आहे. ज्या गावांत हे प्रामाणिकपणे झालं तिथं हजेरीपटावरचे मेलेले मजूर सापडले. शहरातल्या कार्यालयात बसून फाइल बघणाऱ्याला ते सापडणं अवघड आहे, कारण फाइलीत सगळे जिवंतच असतात.

तुम्ही काय करू शकता

मोबाइल हातात आहे तर ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावर किंवा ‘मेरी पंचायत’ या ॲपवर राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडून कोणत्या कामावर किती खर्च दाखवलाय ते बघा. त्यातली दोन कामं निवडा आणि जागेवर जाऊन बघून या. सगळा हिशेब तपासायच्या भानगडीत पडू नका, दमून जाल.

ग्रामसभेत जाताना एकटे जाऊ नका. गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असेल ते लागतात. ते भरले नाहीत की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. मग पंधरा-वीस माणसांत सगळं मंजूर. नेमके हेच काही जणांना हवं असतं. बचत गटाच्या पन्नास महिला बसल्या तर चित्र वेगळं दिसतं, हे मी दोन-तीन गावांत बघितलंय. उठल्यावर भांडण नको, एकच वाक्य: ‘मागची लेखापरीक्षण टिप्पणी आणि तिची उत्तरं वाचून दाखवा, आणि वाचल्याची प्रोसिडिंगला नोंद घ्या.’ ही मागणी सत्ताधारी पॅनेलच्या माणसानं केली तर आणखी चांगलं.

तरीही मिळालं नाही तर माहिती अधिकार आहे. फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ, झेरॉक्सचे पानाला दोन रुपये. तीस दिवसांत माहिती द्यायची असते. नाही दिली तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत पाहिजे, म्हणून पाल्हाळ नको. ‘चौकशी करा’, ‘कारवाई करा’ असं त्यात लिहू नका, ती माहिती होत नाही आणि अर्ज फेटाळायला निमित्त मिळतं. मजकूर एवढा पुरे: ‘आमच्या ग्रामपंचायतीच्या मागील तीन वर्षांच्या लेखापरीक्षण टिप्पण्या, त्यांना दिलेली पूर्तता उत्तरे आणि नमुना ३० ची नोंदवही यांच्या छायाप्रती मिळाव्यात.’ अर्जावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा आणि आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.